अजिंठ्याची रेषा आणि आधुनिक चित्रकार

अजिंठ्याची भित्तिचित्रे रंगविणाऱ्या कलावंतांची नावे आपणांस ज्ञात नाहीत. त्यांची रेषा मात्र आधुनिक चित्रकारांच्या हातांत टिकून राहिली.

रॉबर्ट गिल यांनी 1844 नंतर केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. पुढे जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात नव्या प्रती केल्या. त्यांतीलही अनेक 1885 साली लंडनमध्येच जळाल्या.

1909-10 च्या हिवाळ्यात ख्रिस्तियाना हेरिंगहॅम यांना प्रतिकृतींच्या कामी साहाय्य करण्यासाठी तरुण नंदलाल बोस अजिंठ्यास आले. प्रती करता करता ती रेषा त्यांनी आत्मसात केली. पुढे भारतीय संविधानाची हस्तलिखित प्रत त्यांनी व शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांनी सजविली, तेव्हा पाचव्या भागाच्या आरंभी बुद्धचरित्रातील प्रसंग चितारला गेला.

अजिंठ्याचा गौरव पुष्कळदा केवळ रेषा व रंग यांसाठी होतो. तो आम्हांस अपुरा वाटतो. ही रेषा जातककथा आणि तथागतांचे चरित्र सांगण्यासाठी घडली. तिच्यापासून प्रेरणा घेणाऱ्याने तो आशयही जाणून घ्यावा. त्या अनाम कलावंतांचे ऋण तेव्हाच काही अंशी फिटेल.