घाटाचा ब्रेक, पुराचा ब्रेक
पूर्वी पसरणी घाटात गाडी थांबली की क्लीनर आधी चाकाला दगड लावायचा. हँडब्रेकवर कुणाचा भरवसा नसे. १९८३ साली मारुती ८०० आली, तरी घाट तोच. उतारावर मागच्या ड्रममधले लायनर झिजत. साताऱ्यात गाड्यांचं काम शिकलो तेव्हा वस्तादांचा दंडक होता: आधी ब्रेक शू ॲडजस्ट, मगच हँडब्रेकच्या केबलचा नट आवळायचा. नुसती केबल ताणली की ब्रेक धरून राहतो, ड्रम तापतो.

गॅरेज टाकलं सांगलीत. इथलं दुखणं निराळं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्यानंतर आलेल्या, पुरात बुडालेल्या जुन्या गाड्यांच्या केबल कव्हरमध्येच गंजून बसलेल्या. लिव्हर खाली केला तरी चाक सुटेना. अशा केबलला तेल पाजत बसणं मला पटत नाही. मी नवीच टाकतो.