बटण दाबल्यावर शून्य का येतो?

मंडळी, मायक्रोकंट्रोलरला बटण जोडताना आपण सगळेच एकदा गोंधळतो. बटण सोडलेलं असताना १ येतो, दाबलं की ०. हे उलटं का? उत्तर १९६० च्या दशकात सापडतं.

टीटीएल चिपची इनपुट पिन मोकळी सोडली, की चिप ती सहसा १ समजायची. ० हवा असेल तर पिनेतून येणारा प्रवाह ग्राउंडकडे ओढून घ्यावा लागे. म्हणून बटण ग्राउंडला जोडायची रीत पडली. पुढे सीमॉस आलं. त्याची इनपुट पिन जवळजवळ प्रवाहच घेत नाही. मोकळी सोडली तर जवळ नुसता हात नेला तरी ० चा १ होतो. मग पुल-अप रेझिस्टर लावणं भागच पडलं.

१९८० च्या इंटेल ८०५१ मध्ये पोर्ट १, २ आणि ३ ला पुल-अप आतच दिले. पोर्ट ० ला दिले नाहीत. कॉलेजच्या लॅबमध्ये आपण त्याला बाहेरून रेझिस्टर लावतो, ते यामुळेच. पुढे एव्हीआरमध्ये पुल-अप प्रोग्रॅममधून चालू-बंद करता येऊ लागला. एटीमेगा३२८पी मध्ये तो २० ते ५० किलोओहमचा असतो. पुल-डाउन मात्र नाही.

२०२४ च्या आरपी२३५० मध्ये दोन्ही होते. पण सुरुवातीच्या चिपांत पुल-डाउन लावलेली पिन सुमारे २.२ व्होल्टवर अडकून राहायची. बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमी रेझिस्टर लावा, असं उत्पादकांनाच सांगावं लागलं.

तेव्हा मोकळी पिन म्हणजे शून्य, असं आपण कधीच धरून चालायचं नाही.