चराऊ रानातली पडलेली झाडं आणि बुडखे कसे काढावेत

वळवाच्या वाऱ्यात झाड पडलं की दोन दिवसांत फांद्या सरपणाला जातात, ओंडके कुणीतरी उचलतं आणि बुडखा तसाच राहतो. पेरणीच्या रानात तो नांगराला आडवा येतो, म्हणून शेतकरी काढतोच. चराऊ पडीत किंवा गायरानात मात्र कुणाला घाई नसते. माण, सांगोला, आटपाडी, जत अशा कमी पावसाच्या तालुक्यांत गवताची एकेक पट्टी मोलाची, तिथं ही ढिलाई महागात पडते.

कुऱ्हाड लावण्याआधी झाड कोणतं आणि जमीन कुणाची हे बघावं. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन अशी काही झाडं १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या रानात पडलेली असली तरी आधी वनविभागाकडं विचारावं, लाकूड बाहेर न्यायचं असेल तर वाहतूक पासचीही चौकशी करावी. गायरानाची जमीन सरकारी, गुरांच्या चराईसाठी राखलेली. तिथलं लाकूड परस्पर उचलू नये, ग्रामपंचायत आणि तलाठ्याला कळवावं. झाडावर विजेची तार पडली असेल तर वायरमन लाइन बंद केल्याचं सांगेपर्यंत फांदीलाही हात लावायचा नाही.

मुळासकट उन्मळून पडलेलं झाड सगळ्यात फसवं. खोड कापून वजन सुटलं की मातीनं भरलेला मुळांचा गड्डा झटक्यात परत खड्ड्यात बसतो. म्हणून त्या खड्ड्यात पोरं, शेळ्या, माणूस कुणीच नको. वाकून दबलेल्या फांद्या करवत लागताच उसळतात. आधी शेंड्याकडच्या मोकळ्या फांद्या काढाव्यात, मग बुंध्याकडं यावं. उतारावर असाल तर वरच्या अंगाला उभं राहावं, ओंडका खाली गडगडतो. बांधावरच्या जुन्या झाडात खिळे आणि काटेरी तार रुतलेली असते, मशीनची साखळी तिथंच तुटते.

बुडखा ओढायला ट्रॅक्टर लावायचा तर साखळी मागच्या खालच्या हुकालाच अडकवावी. वर बांधली आणि बुडखा हलला नाही, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. मोठ्या बुडख्याला जेसीबी बरा, पण काळी जमीन ओली असताना नको. चाकांनी दबलेल्या चिखलात पुढं गवत धड येत नाही. वाफसा आल्यावर माती सुटते, तेव्हा कुदळ-पहारीनं लहान बुडखेही सहज निघतात.

खरी डोकेदुखी वेड्या बाभळीची. जमिनीबरोबर कापली की बुडातून झुबक्यानं धुमारे येतात आणि एका खोडाच्या जागी काट्यांचं जाळं होतं. धुमारे फुटायची जागा जमिनीच्या लगत खालीच असते, म्हणून वीतभर ते फूटभर उकरून त्याखाली मुळी तोडावी लागते. गुरं आणि शेळ्या हिच्या गोड शेंगा खातात, टणक बी शेणा-लेंड्यांतून न पचता पडतं आणि उगवतं. त्यामुळं साफ केलेल्या पट्टीवर पुढचे दोन-तीन पावसाळे फिरून रोपं ओल्या मातीतच उपटावी लागतात. सुबाभूळ आणि निलगिरीचे बुडखेही असेच फुटतात. देशी बाभूळ सहसा एवढा त्रास देत नाही.

बुडखा पेटवून द्यायची पद्धत गावोगावी आहे. आग मुळ्यांतून आत धुमसत राहते, वर विझल्यासारखी दिसते आणि वारा सुटला की वाळलं गवत पेटतं. बुडख्यात भोकं पाडून मीठ किंवा युरिया भरतात, तेही चराऊ रानात नको. मिठानं माती बिघडते आणि युरिया चाटलेलं जनावर विषबाधेनं दगावू शकतं. काढणं झेपत नसेल तर बुडखा खाली कापून शेणमातीनं झाकावा. वाळवी आपलं काम करते, फक्त वेळ लागतो.

शेवटी खड्डा लगेच बुजवावा, नाहीतर गवतात लपून गुरांचे पाय मोडतात. खालची मुरमाड माती खाली आणि वरची काळी वर, थोडी उंचवटा ठेवून, कारण पावसात ती बसते. काटे वेचून घ्यावेत, खुरात मोडलेला काटा पिकतो. त्या जागी मारवेलचे ठोंब किंवा स्टायलोचं बी टाकून पहिल्या पावसाळ्यात तेवढ्या पट्टीला काटेरी फांद्यांचं कुंपण करावं. त्यासाठी तोडलेल्या फांद्या आयत्याच असतात, फक्त वेड्या बाभळीच्या असतील तर शेंगा झाडून घ्याव्यात.