उन्हाळ्यात हिल्स घेताय? रंग कोणता, टाच किती?

वाशिम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच असते. मांडव शेतात किंवा मोकळ्या मैदानात असला की पेन्सिल हिल भुसभुशीत मातीत रुतते आणि पाय मुरगळतो. त्यापेक्षा दीड-दोन इंचांची रुंद ब्लॉक हिल बरी. टॅन किंवा बेज रंग काठपदरापासून कुर्त्यापर्यंत सगळ्यांवर चालतो. पांढरा मात्र धुळीत लगेच मळतो. उष्णतेने पाय थोडे सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी. रेक्झिनखाली घाम साचतो, पट्टा घासून फोड येतात. मऊ चामडे त्यामानाने सुसह्य. २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालेली कोल्हापुरी मूळची सपाट, पण त्या धर्तीच्या टॅन हिल्सही आता बाजारात मिळतात.