तळटीप १४ : अमेरिकन प्राध्यापकाच्या गोळ्या

१४. उताऱ्यातले ‘अमेरिकन प्राध्यापक’ म्हणजे रिचर्ड अल्पर्ट (१९३१–२०१९), पुढचे रामदास. समर्थांशी त्यांचा संबंध नाही. हे नाव त्यांना त्यांचे गुरू नीम करोली बाबा यांनी दिले. हार्वर्ड विद्यापीठात मानसशास्त्र शिकवताना टिमथी लिअरी यांच्यासोबत ते सिलोसायबिनवर, म्हणजे काही अळंब्यांत सापडणाऱ्या भ्रमजनक द्रव्यावर, प्रयोग करत. ते द्रव्य एका पदवीपूर्व विद्यार्थ्याला दिल्यावरून १९६३ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढून टाकले.

‘गोळ्या’ एलएसडीच्या. १९६७ मध्ये अल्पर्ट कुमाऊंच्या डोंगरात बाबांना भेटले, तेव्हा बाबांनी त्या आपणहून मागितल्या आणि प्रत्येकी सुमारे ३०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या घेतल्या. एरवी एकच गोळी माणसाला तासन्‌तास पुरते. बाबांवर काहीच परिणाम झाला नाही, असे रामदास सांगत, साक्ष त्यांचीच. बाबांनी त्या गिळल्या की हळूच मागे टाकल्या, ही शंकाही पुढे त्यांनाच आली. नंतरच्या भारतभेटीत बाबांनी पुन्हा गोळ्या मागितल्या आणि या वेळी चार, एकेक करून, त्यांना नीट दिसेल अशा बेताने तोंडात टाकल्या.

अल्पर्ट यांचे रोजचे योगशिक्षण मात्र हरिदास बाबांकडे होते. त्यांनी १९५२ पासून मौन धरले होते. आसन-प्राणायामाच्या सूचना असोत की शंकांची उत्तरे, सारे छोट्या पाटीवर खडूने, मोजक्या शब्दांत लिहून. नीम करोली बाबांशी झालेल्या पहिल्या भेटीचा वृत्तान्त रामदासांच्या ‘बी हिअर नाउ’ (१९७१) या पुस्तकात आहे.