राणीचं डांबर आणि प्रोफेसर गज्जर

मामेभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. आदल्या दिवशी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा एक माणूस डांबराच्या चपला घेऊन थेट हॉलमध्ये आला आणि पांढऱ्याशुभ्र संगमरवरावर दोन काळे ठसे उमटवून गेला. मामेभाऊ पेशाने सी.ए. त्याने जे हाताला लागलं ते ओतलं, म्हणजे बाथरूम साफ करायचं अॅसिड. फस्स करून फेस आला, तो खूश झाला. फेस पुसला तर डांबर जिथल्या तिथे आणि भोवती फरशीची चकाकी गेलेला एक मोठा पांढुरका भोपळा.

मग दुसऱ्या दिवशी, गुरुजींचं आटोपल्यावर, सगळ्यांनी मावशीला घेरलं.

आमची मावशी केमिस्ट. मेडिकलच्या दुकानातली नव्हे, खरीखुरी. एम.एस्सी. करून तीस वर्षं एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती, आता निवृत्त आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जसं कुठेही गेलं की "जरा आमचा प्रिंटर बघ ना" हे ऐकावं लागतं, तसं तिला प्रत्येक लग्नकार्यात ऐकावं लागतं. हळदीचा डाग कशाने जातो? चांदी काळी का पडते? साबण लावला की हळद लाल कशी होते? (ही तर आपल्याकडची जुनीच युक्ती. हळदीचा पिवळा रंग अल्कलीत लाल होतो. हळद आणि चुना मिळून कुंकू होतं ते याच कारणाने. आणि धुऊनही राहिलेला पिवळा डाग उन्हात वाळत घातला की फिका होतो, कारण तो रंग प्रकाशाने मोडतो.)

मावशीने ठशाकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आधी काय ओतलंस?" भावाने कबुली दिली. ती म्हणाली, "अरे, सगळे मला विचारतात काय लावू. डाग कशाचा आहे आणि तो पडलाय कशावर, हे कोणी सांगतच नाही. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अॅसिडने डांबराला ढिम्म झालं नाही, तुझी फरशीच विरघळली."

मग तिने उपाय सांगितला. रंगवाल्याकडे मिळते ती व्हायटिंग पावडर टर्पेंटाइनमध्ये कालवायची, खिडक्या उघड्या ठेवून. जाड लेप द्यायचा, वरून प्लास्टिक लावून एक दिवस ठेवायचा, मग प्लास्टिक काढून वाळू द्यायचा. नुसतं टर्पेंटाइन चोळलं तर डांबर पातळ होऊन दगडाच्या छिद्रांत आणखी खोल जातं. लेप असला की विरघळलेलं डांबर वर ओढलं जातं. दोन-तीनदा करावं लागेल. आणि मग जाता जाता म्हणाली, "राणीच्या पुतळ्याचंही हेच दुखणं होतं. गज्जरांना विचार."

गज्जर कोण, हे मला काही माहीत नव्हतं. मावशी विल्सन कॉलेजची, तिथे तिला तिच्या सरांनी ही गोष्ट सांगितली होती. मी घरी येऊन शोधायला बसलो आणि दोन शनिवार-रविवार त्यातच गेले.

तर मंडळी, गोष्ट अशी. मुंबईत एस्प्लनेडवर, फ्लोरा फाउंटनपासून जवळच, व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. शिल्पकार मॅथ्यू नोबल, अनावरण 1872 साली. पैसे दिले होते बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी. (अनावरण पाहायला ते स्वतः राहिले नाहीत, 1870 मध्येच वारले.) ऑक्टोबर 1896 मध्ये एका रात्री दामोदर चापेकर आणि त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी राणीच्या तोंडाला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. सकाळी सगळ्या मुंबईने पाहिलं. कोणी केलं ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या वर्षी 22 जून 1897 ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, दामोदरपंत पकडले गेले आणि डांबराची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. 18 एप्रिल 1898 ला त्यांना फाशी झाली.

चापेकरांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. डांबराचं पुढे काय झालं हे मात्र कोणी सांगत नाही. जोड्यांची माळ काढून टाकता येते, संगमरवरात मुरलेलं डांबर काढता येत नाही. अॅसिड लावावं तर राणीचं नाकच झिजणार. घासावं तर कोरीवकाम जाणार. मोठमोठ्या साहेब तज्ज्ञांनी हात टेकले असं सांगतात. शेवटी हे काम ज्याने केलं तो माणूस म्हणजे विल्सन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. पुतळा स्वच्छ झाला आणि गज्जरांचं नाव देशभर झालं.

इथे मी अडलो, खरं सांगतो. चापेकरांच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी मुलाने आता कोणाच्या बाजूने व्हायचं? एकाने जीव धोक्यात घालून डांबर फासलं, दुसऱ्याने ते पुसून सरकारची शाबासकी मिळवली. गज्जर म्हणजे साहेबाचा माणूस, असं म्हणून मी लॅपटॉप मिटणार होतो. पण या माणसाने आधी काय केलं होतं ते वाचलं आणि मत बदललं.

गज्जर मूळचे सुरतचे, जन्म 1863. घराणं सुतारांचं. वडील कल्याणदास शिल्पशास्त्राचे जाणकार. मुलगा रसायनशास्त्र शिकला आणि बडोद्याला प्रोफेसर झाला. आता त्या काळात रसायनशास्त्राचे रोजचे प्रश्न कोणाला पडत होते? सरकारला नाही, कॉलेजातल्या पोरांनाही नाही. पडत होते ते रंगाऱ्यांना.

आपल्याकडे लाल रंग मंजिष्ठ आणि आल यांच्या मुळ्यांपासून करायचे. 1868 साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्यांतला लाल रंग, म्हणजे अॅलिझरीन, प्रयोगशाळेत बनवला. थोड्याच वर्षांत कारखान्यातलं स्वस्त अॅलिझरीन सगळीकडे पोचलं. नुसत्या अॅलिझरीनने कापड धड रंगत नाही, आधी तुरटीसारखा क्षार कापडात मुरवावा लागतो. क्षार बदलला की रंगही बदलतो: तुरटीने लाल, लोखंडाच्या क्षाराने जांभळट. आपला रंगारी हे मुळ्यांच्या बाबतीत पिढ्यान् पिढ्या जाणून होता. पण परदेशी डब्यातली पावडर किती घ्यायची, पाणी किती तापवायचं, रंग का उतरतो, का डागाळतो, हे त्याला त्याच्या भाषेत सांगणारं कोणी नव्हतं. ज्याच्याकडे पिढीजात विद्या होती तो माणूस एका डब्यामुळे अडाणी ठरला.

गज्जरांनी हेच काम हातात घेतलं. सयाजीराव गायकवाडांच्या पाठिंब्याने 1890 साली बडोद्यात कलाभवन सुरू झालं आणि गज्जर त्याचे प्रमुख झाले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय, आणि शिकवणं गुजराती-मराठीतून. पुस्तकं नव्हती, तर ती लिहून घ्यायचं ठरलं. शास्त्रातले शब्द नव्हते, तर ते घडवायची मोठी योजना आखली. 'रंगरहस्य' नावाचं नियतकालिक काढलं. (आपले दादासाहेब फाळकेसुद्धा याच कलाभवनात शिकले.) थोडक्यात, रंगाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला रंगाऱ्याच्या भाषेत उत्तर, तेही एकेकट्याला नाही तर सगळ्यांना. आम्ही एकच उत्तर पन्नास जणांना देऊन थकलो की कागदावर लिहून ठेवतो ना, तसंच काहीसं.

आणि ते पुरतं तडीस गेलं नाही. कारभाऱ्यांशी मतभेद झाले, गज्जर 1896 मध्ये बडोदा सोडून मुंबईला आले. भाषेतून शास्त्र शिकवायची योजना मागे पडली. कलाभवन टिकलं, आज ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची इंजिनीअरिंग शाखा आहे, पण शिकवणं इंग्रजीतून. म्हणजे पहा, ज्या कामाने हजारो रंगारी, सुतार, लोहार उभे राहिले असते त्या कामासाठी गज्जरांना फार कोणी ओळखलं नाही. ओळखलं ते एका डागासाठी.

मुंबईत मग त्यांनी गिरगावात टेक्नोकेमिकल लॅबोरेटरी काढली. पिवळे पडलेले मोती उजळायची रीत शोधली आणि मोत्यांच्या व्यापाऱ्यांकडून चिक्कार पैसा मिळवला. बडोद्याच्या 'अलेम्बिक'ची सुरुवात 1907 ची. तिच्यामागे भाईलाल अमीन आणि कोटिभास्कर होते, दोघे गज्जरांच्याच हाताखाली तयार झालेले. गज्जर 1920 मध्ये गेले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. 1896 मध्येच मुंबईत प्लेग आला, तेव्हा गज्जरांनी आयोडिन टरक्लोराइड हे औषध पुढे आणलं. आज आपल्याला माहीत आहे की प्लेग अँटिबायोटिक्सनी बरा होतो, आणि ती तेव्हा नव्हतीच. टरक्लोराइड जंतुनाशक आहे, पण बाटलीतला जंतू मारणं आणि माणसाच्या रक्तातला मारणं यात फार अंतर आहे. मी मावशीला फोन करून जरा तोऱ्यातच सांगितलं, "तुझे गज्जर इथे चुकले की."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लोक दारात उभे असतात रे. घरातलं माणूस तापाने फणफणलेलं असतं आणि ते विचारतात, तुम्ही केमिस्ट ना, काय देऊ? त्या वेळी 'माहीत नाही' म्हणणं सगळ्यात कठीण. मी तीस वर्षं कागदांवर सह्या केल्या. ही बॅच चालेल, ही नाही चालणार. नाही म्हटलं की वरचे चिडायचे, लाखोंचा माल पडून राहायचा. तरी ते सोपं, कारण यंत्र समोर आकडा दाखवतं. गज्जरांपुढे कुठला आकडा होता?"

मी विचारलं, "मग पुतळ्याचं? पुसायला हवं होतं?"

"ते तू ठरव," ती म्हणाली. "पण एक बघ. डांबर पुसल्याने चापेकर पुसले गेले का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या रविवारी भायखळ्याला गेलो. राणीचा तो पुतळा आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मूळ जागेवरून तो 1965 मध्ये हलवला. वरची नक्षीदार छत्रीही आता नाही. मी चांगला अर्धा तास भोवती फिरून, वाकून वाकून डांबराचा कुठे मागमूस दिसतो का ते पाहत होतो. मला तरी काही दिसला नाही. शेजारी शाळेची सहल आली होती, त्यातल्या एका मुलीने बाईंना विचारलं, "ही कोण?" बाई म्हणाल्या, "इंग्लंडची राणी," आणि रांग पुढे गेली. मला धावत जाऊन सांगावंसं वाटलं, अगं थांब, हिच्या तोंडाला कोणी काय लावलं होतं आणि ते कोणी काढलं ते ऐक तरी! पण अनोळखी दाढीवाल्या माणसाने तसं करू नये एवढी अक्कल मला आहे :-)

मामेभावाच्या फरशीचं विचाराल तर तीन लेपांनंतर डांबर बऱ्यापैकी निघालं. अॅसिडचा भोपळा मात्र तसाच आहे. तो लेपाने जाणार नाही, त्याला पॉलिशवालाच बोलवावा लागेल. सध्या त्यावर एक छानसा गालिचा घातलाय.

असो. आता उठतो. भावाचाच फोन येतोय, त्याचा प्रिंटर चालत नाहीये.