जोर हवा असेल तर दांडा मागे घ्या : क्लचविना ट्रॅक्टर शिकण्याचा इतिहास

१/
१९६७ साली अमेरिकेतील इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने ‘फार्मॉल ६५६’ या ट्रॅक्टरची एक नवी आवृत्ती बाजारात आणली. वेग वाढवणे, कमी करणे, थांबणे, मागे येणे, या साऱ्यासाठी तीत हाताशी एकच दांडा होता. नवख्यासाठी हे सोपे होते. परंतु जन्मभर ट्रॅक्टर हाकलेल्या माणसाची सवय इथे नेमकी उलटी पडत होती. असे का, हे समजण्यासाठी अर्धे शतक मागे जावे लागते. 🧵

२/
विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन शेतकऱ्याचे हात लगामाला सरावलेले होते. ही सवय मोडण्यापेक्षा यंत्रच तिला जुळवून घ्यावे, असाही एक प्रयत्न झाला. जनरल मोटर्सच्या सॅमसन विभागाने १९१९ च्या सुमारास ‘आयर्न हॉर्स’ नावाचा ट्रॅक्टर काढला. तो चक्क लगामांनी हाकायचा होता. हा लोखंडी घोडा चालला नाही. माणसालाच यंत्राची भाषा शिकावी लागणार, हे त्यानंतर स्पष्ट झाले.

३/
ती भाषा शिकवली मुख्यतः फोर्डसनने. १९१७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागलेल्या या ट्रॅक्टरची किंमत १९२२ मध्ये ३९५ डॉलरपर्यंत उतरली आणि सामान्य शेतकऱ्याच्या अंगणात यंत्र आले. त्याबरोबर धोकाही आला. नांगर जमिनीतल्या खुंटाला अडला आणि चाकांवरचा जोर कायम राहिला, तर हा आखूड ट्रॅक्टर पुढची चाके उचलून मागे उलटू शकत असे. अशा क्षणी क्लच वेळेवर दाबता येणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

४/
त्या काळात ‘ट्रॅक्टर येतो’ याचा अर्थ बराचसा ‘क्लच येतो’ असाच होता. गिअर उभ्यानेच निवडायचा, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा आवाज ऐकत राहायचे. तासाच्या मध्येच जमीन जड लागली तर थांबायचे, खालचा गिअर टाकायचा आणि पुन्हा निघायचे. डावा पाय आणि कान, ही चालकाची खरी हत्यारे होती. ती घडायला हंगामच्या हंगाम जात.

५/
दुसऱ्या महायुद्धात हे कौशल्य अल्पावधीत शिकवण्याची वेळ आली. तरुण सैन्यात गेले आणि शेतावर माणसे उरेनात. १९४२ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने आपल्या विक्रेत्यांमार्फत स्त्रियांसाठी ट्रॅक्टरचे वर्ग सुरू केले. या विद्यार्थिनींना ‘ट्रॅक्टरेट’ म्हटले जाई. चालवण्याबरोबरच यंत्राची निगा राखण्याचे धडेही त्यांना मिळत. ट्रॅक्टर हे पुरुषी मनगटाचे काम आहे, या समजुतीला त्या वर्गांनी चांगलाच धक्का दिला.

६/
युद्धानंतर अभियंत्यांनी यंत्राच्याच बाजूने वाट शोधली. १९५४ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने ‘टॉर्क अँप्लिफायर’ आणला. एक दांडा ओढताच चालत्या ट्रॅक्टरचा वेग कमी आणि ओढ जास्त होई, क्लच दाबावा लागत नसे. १९५९ मध्ये फोर्डने दहा गतींचा ‘सिलेक्ट-ओ-स्पीड’ काढला. तरीही या साऱ्या पायऱ्याच होत्या. दोन पायऱ्यांमधला नेमका वेग हवा असेल, तर तो कुठेच नव्हता.

७/
त्यावरचा उपाय जुनाच होता आणि तो समुद्रावरून आला होता. १९०६ साली ‘यूएसएस व्हर्जिनिया’ या अमेरिकन युद्धनौकेवर तोफांच्या हालचालीसाठी तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवण्यात आली होती. जॅनी आणि विल्यम्स यांच्या रचनेत तोफ झटका न देता, हव्या त्या गतीने, दोन्ही दिशांना हलवता येत असे. शेतकऱ्यालाही आपल्या चाकांकडून हेच हवे होते.

८/
हिचे तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. इंजिन एक पंप फिरवते. पंपातले छोटे दट्टे एका तिरप्या तबकडीवर टेकलेले असतात. तबकडी जितकी तिरपी, तितकी दट्ट्यांची धाव लांब आणि तितके तेल जास्त. हे तेल दुसऱ्या बाजूच्या मोटरला फिरवते आणि मोटर चाकांना. तबकडी सरळ केली की तेल थांबते, ट्रॅक्टरही थांबतो. ती उलट्या बाजूला कलली की ट्रॅक्टर मागे येतो. चालकाच्या हातातला दांडा फक्त या तबकडीचा कल बदलतो. यालाच हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात.

९/
१९५० च्या दशकात इंग्लंडमधील सिल्सो येथील राष्ट्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने असा प्रायोगिक ट्रॅक्टर बनवला. १९६१ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरने ‘एचटी-३४०’ लोकांपुढे आणला. त्यात गॅस टर्बाइन इंजिन आणि हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन अशी जोडी होती. टर्बाइन फार आवाज करी, इंधनही फार खाई. तो ट्रॅक्टर पुढे स्मिथसोनियनच्या संग्रहालयात गेला. तेलावर चालणारा त्याचा अर्धा भाग मात्र शेतात उतरला, १९६७ च्या ‘६५६’ मधून.

१०/
या नव्या आसनावर बसणाऱ्याला आता काय शिकायचे होते? पहिला धडा असा, की इंजिनाचा वेग आणि ट्रॅक्टरचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. गवताच्या गाठी बांधणारा बेलर ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.वर चालतो आणि त्याला मिनिटाला ५४० फेरे ठरलेले हवेत. गवताची ओळ दाट लागली म्हणून जुना चालक थ्रॉटल कमी करू लागला, तर बेलरही मंदावतो आणि तुंबतो. इथे थ्रॉटल जिथे आहे तिथेच ठेवायचा आणि फक्त दांडा मागे घ्यायचा. ट्रॅक्टर हळू होतो, बेलर पूर्ण वेगात राहतो.

११/
दुसरा धडा सर्वांत अवघड होता. चढ लागला, ओझे वाढले, इंजिन कण्हू लागले, की माणसाचा हात आपसूक दांडा पुढे ढकलतो. जास्त जोर हवा म्हणजे जास्त दाबायचे, हे मोटारीने शिकवलेले असते. पण दांडा पुढे ढकलणे म्हणजे तबकडी अधिक तिरपी करणे, म्हणजेच वरचा गिअर टाकण्यासारखे. इंजिन आणखी दबते, तेल तापते, शेवटी ट्रॅक्टर बंद पडतो. दांडा मागे घेतला की वेग उतरतो आणि ओढ वाढते. जोर हवा असेल तर मागणी कमी करायची, हे हाताला पटवावे लागे.

१२/
तिसरा धडा सुरक्षिततेचा होता. दांडा मधोमध आणला की ट्रॅक्टर थांबतो, म्हणून तो उभा राहीलच असे नाही. इंजिन बंद झाले की तेलाचा दाब ओसरतो, फटींतून तेल झिरपते आणि उतारावरचा ट्रॅक्टर हळूच घरंगळू शकतो. म्हणून उतरण्यापूर्वी हातब्रेक लावायचाच. मोठ्या उतारावर जाण्याआधी खालची श्रेणी निवडायची. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टर उभा करण्याची जुनी युक्ती इथे उपयोगाची नव्हती.

१३/
याच काळात शिकण्याचा प्रश्न अमेरिकन सरकारपर्यंत पोचला. १९७० च्या नियमांनुसार, पगारी कामावर असलेल्या १६ वर्षांखालील मुलांना २० अश्वशक्तीपेक्षा मोठा ट्रॅक्टर चालवण्यास मनाई झाली. १४-१५ वर्षांच्या मुलांना मान्य प्रशिक्षण पूर्ण केल्यास सूट मिळे. आईवडिलांच्या स्वतःच्या शेतावर हा नियम लागू नव्हता. यंत्र चालवणे सोपे झाले होते. पण उलटण्याचा किंवा पी.टी.ओ.त कपडा अडकण्याचा धोका कोणत्याही दांड्याने कमी होणार नव्हता.

१४/
मग सगळेच ट्रॅक्टर असे का झाले नाहीत? कारण तेलातून शक्ती नेताना तिचा काही भाग उष्णतेत जातो. दिवसभर एकाच वेगाने जड नांगर ओढायचा असेल, तर दातेरी चाकांचा साधा गिअर अधिक काटकसरी ठरतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर ही उणीव अधिकच बोचली. १९८५ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचा शेती विभाग केस कंपनीत विलीन झाला. पुढे १९९५ मध्ये जर्मनीच्या फेंट कंपनीने ‘व्हेरिओ’मध्ये तेल आणि गिअर यांची सांगड घालून मधला मार्ग काढला.

१५/
या कथेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि हीच इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली आणि कांदिवलीत ‘बी-२७५’ बनू लागला. तो क्लच-गिअरचा होता. आजच्या मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टरचे प्रशिक्षण केंद्र होते. पण बहुतेक भारतीय चालक वर्गात शिकले नाहीत. कोणाच्या तरी शेजारी, मडगार्डवर बसून शिकले.

१६/
भारतीय शेतात आजही बहुतेक ट्रॅक्टर क्लच-गिअरचेच आहेत. नांगरट, रोटाव्हेटर आणि उसाची ट्रॉली ओढणाऱ्या यंत्राला डिझेलचा हिशेब चुकत नाही. याउलट अमेरिकेत गवत कापणे, लोडरने माती उचलणे, बर्फ सारणे अशा कामांच्या छोट्या ट्रॅक्टरांत हायड्रोस्टॅटिक सर्रास असते. तिथे बहुधा दांड्याची जागा पायाखालच्या पेडलने घेतली आहे. महिंद्राही तिथे असे ट्रॅक्टर विकते. कांदिवलीत गिअर शिकलेल्या कंपनीची ही एक मजेशीर परतफेड आहे.

१७/
यंत्र सोपे झाले की कौशल्य संपते, असे सहज म्हटले जाते. हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरचा इतिहास ते खोडून काढतो. डाव्या पायाचे कसब मागे पडले, लगामाचे त्याच्याही आधी पडले होते. पण ओझे किती आहे, उतार कसा आहे आणि इंजिन काय सांगते आहे, हे ओळखण्याची जबाबदारी चालकावरच राहिली. सहा दशकांनंतरही प्रत्येक नव्या शिकाऊ चालकाला पहिल्या चढावर तीच सूचना द्यावी लागते : ढकलू नका, थोडे मागे घ्या.

(समाप्त)